भवभूती : पद्मपूरचा नाटककार आणि त्याचे स्मशान

संस्कृत नाटककार भवभूती इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ ही त्याची तीन नाटके आज उपलब्ध आहेत. करुणरसाचा कवी म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे. परंतु भयानक आणि बीभत्स या रसांनाही त्याने रंगभूमीवर असे स्थान दिले, की पुढच्या काव्यशास्त्रज्ञांना त्यांची उदाहरणे शोधायला त्याच्याकडेच यावे लागले. ‘मालतीमाधव’चा पाचवा अंक रात्रीच्या स्मशानात घडतो. प्रेतांवर तुटून पडणारी पिशाचे, कवट्या ल्यालेली योगिनी, चामुंडेपुढे बळी द्यायला आणलेली कुमारिका आणि तिच्या गळ्यावर शस्त्र उगारलेला कापालिक हे सारे त्या एका अंकात येते. हे लिहिणारा कवी विदर्भातल्या एका वैदिक घराण्यात जन्मला होता. त्याचे गाव पद्मपूर म्हणजेच गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे आजचे पदमपूर, हे मत सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

घराणे आणि शिक्षण

प्राचीन संस्कृत कवी स्वतःविषयी सहसा बोलत नाहीत. कालिदासाने आपल्या आईवडिलांचे नावही सांगितलेले नाही. भवभूती याला अपवाद आहे. ‘महावीरचरित’ आणि ‘मालतीमाधव’ यांच्या प्रस्तावनांत सूत्रधाराच्या तोंडून त्याने आपली कुळकथा दिली आहे. त्यानुसार दक्षिणापथात पद्मपूर नावाचे नगर होते. तेथे कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे, उदुंबर नावाचे ब्राह्मण राहत. पंचाग्नी बाळगणारे, सोमयाग करणारे आणि पंक्तिपावन मानले गेलेले असे हे घराणे होते. त्यातल्या महाकवी नावाच्या पूर्वजाने वाजपेय यज्ञ केला होता. त्याच्यापासून पाचवा पुरुष म्हणजे भवभूती. आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ आणि आईचे जातुकर्णी. कवीचे आणखी एक नाव श्रीकंठ असे मिळते. त्याचा गुरू ज्ञाननिधी होता.

व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत आपण निष्णात असल्याचे भवभूती सांगतो. वेद, उपनिषदे, सांख्य आणि योग यांचा अभ्यासही त्याने केला होता. मात्र नाटकाच्या दृष्टीने या पांडित्याचा उपयोग नाही, असेही तो लगेच बजावतो. वाणीची प्रौढी, तिचे औदार्य आणि अर्थाचे वजन ही त्याच्या मते नाटककाराची खरी कसोटी. नटमंडळींशी आपला स्वाभाविक स्नेह होता, हे तो त्याच प्रस्तावनेत नोंदवतो. यज्ञशाळेच्या परंपरेतला पंडित नाटकवाल्यांचा मित्र असावा, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहे.

पद्मपूरचा शोध

पद्मपूर नेमके कोठे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून चर्चेत होता. ‘मालतीमाधव’चे कथानक पद्मावती नगरीत घडते. नावांतल्या साम्यामुळे काहींनी पद्मपूर आणि पद्मावती एकच मानली. परंतु पद्मावती ही ग्वाल्हेरजवळची, सिंधू आणि पारा या नद्यांच्या संगमावरची नगरी असून आजच्या पवाया गावी तिचे अवशेष आहेत. दक्षिणापथाशी तिचा संबंध जुळत नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी कवीचे गाव चंद्रपूरच्या बाजूला असावे, असा तर्क केला. कृष्ण यजुर्वेदी ब्राह्मणांची घराणी त्या भागात आढळतात, हा त्यांचा एक आधार होता.

नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांनी या प्रश्नाला शिलालेख आणि ताम्रपटांची जोड दिली. दुर्ग भागात सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटाची सुरुवात पद्मपूर या स्थळनामाने होते. म्हणजे दानपत्रे काढण्याइतके महत्त्व या नगराला वाकाटकांच्या काळातच आले होते. मिराशींनी हे पद्मपूर आमगावजवळचे पदमपूर म्हणून ओळखले आणि कवीचे जन्मस्थानही तेच ठरवले. गावाच्या परिसरात जुन्या मूर्ती आणि शिल्पांचे अवशेष आढळतात. गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि आमगाव तालुका त्यात आला.

वाकाटकांची सत्ता भवभूतीच्या जन्मापूर्वीच, सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास, लयाला गेली होती. नंदिवर्धन आणि प्रवरपूर या राजधान्यांत कवींना मिळणारा आश्रय तिच्याबरोबर संपला. पूर्व विदर्भातल्या विद्वानाला मोठ्या दरबारासाठी उत्तरेची वाट धरावी लागणे, हे या परिस्थितीत स्वाभाविक होते.

काळ आणि कनौज

भवभूतीचा काळ ठरवायला दोन ग्रंथ उपयोगी पडतात. पहिला वाक्पतिराजाचा ‘गउडवहो’. कनौजचा राजा यशोवर्मा याच्या विजयावर रचलेले हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपल्या काव्यातले गुण हे भवभूतीरूपी सागरातून उडालेले अमृताचे तुषार आहेत, अशा अर्थाचा कृतज्ञ उल्लेख वाक्पतिराज करतो. दुसरा ग्रंथ कल्हणाची ‘राजतरंगिणी’. बाराव्या शतकातल्या या काश्मिरी इतिहासात वाक्पतिराज आणि भवभूती हे यशोवर्म्याच्या पदरचे कवी होते, असे म्हटले आहे. या यशोवर्म्याचा काश्मीरच्या ललितादित्य मुक्तापीडाने पराभव केला. ‘गउडवहो’तल्या एका सूर्यग्रहणाच्या उल्लेखावरून हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने १४ ऑगस्ट ७३३ ही तारीख काढली. या सगळ्यांवरून भवभूतीची कारकीर्द आठव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बसते.

कनौजचा आश्रय त्याला फार लवकर मिळाला नसावा. तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनांत कोणत्याही राजाचे नाव नाही. ही नाटके कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत झाली, एवढेच तेथे कळते. कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल, असे पूर्वी मानत. मिराशींनी तो यमुनेकाठच्या काल्पीचा सूर्यदेव असल्याचे प्रतिपादन केले. दरबाराऐवजी यात्रेतल्या गर्दीपुढे नाटके करावी लागणाऱ्या या कवीला टीकाकारांचाही जाच झाला असावा. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत तो त्यांना सुनावतो: आपला प्रयत्न त्यांच्यासाठी नाहीच, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, तेव्हा आपल्या जातकुळीचा रसिक कधीतरी, कोठेतरी निपजेलच.

तीन नाटके

‘महावीरचरित’ हे सात अंकी नाटक बहुधा त्याचे पहिले. रामाच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा त्यात आहे. रावणाचा मंत्री माल्यवान याच्या राजकारणाचे सूत्र भवभूतीने सगळ्या कथेतून ओवले आणि रामायणातल्या विखुरलेल्या घटनांना एक कारणपरंपरा दिली. पाचव्या अंकाच्या मध्यापासून पुढचा मजकूर हस्तलिखितांत सारखा नाही. तो भाग इतरांनी पुरा केल्याचे दिसते.

‘मालतीमाधव’ हे दहा अंकी प्रकरण आहे. प्रकरणात कथा कविकल्पित असते आणि पात्रे राजघराण्याबाहेरची असतात. पद्मावतीच्या राजाचा मंत्री भूरिवसू आणि विदर्भाचा मंत्री देवरात हे जुने सहाध्यायी. आपल्या मुलामुलीचा विवाह करण्याचे त्यांनी तरुणपणी ठरवले होते. देवरातचा मुलगा माधव शिकण्यासाठी कुंडिनपुराहून पद्मावतीला येतो आणि भूरिवसूची मुलगी मालती हिच्या प्रेमात पडतो. पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची आहे. बौद्ध परिव्राजिका कामंदकी दोन्ही मंत्र्यांची जुनी मैत्रीण आहे. ती पडद्याआडून हा विवाह घडवू पाहते. माधवाचा मित्र मकरंद आणि नंदनाची बहीण मदयंतिका यांची दुसरी प्रेमकथा याला जोडलेली आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघाला मारून मकरंद मदयंतिकेला वाचवतो, तेथून ती सुरू होते.

‘उत्तररामचरित’ हे सात अंकी नाटक त्याच्या प्रौढ वयातले मानले जाते. सीतात्यागापासून राम आणि सीता यांच्या पुनर्मीलनापर्यंतची कथा त्यात आहे. तिन्ही नाटकांत विदूषक नाही. संस्कृत नाटकाच्या प्रघातात हे वेगळे आहे. हास्याने ताण सैल करण्याची सोय भवभूतीने स्वतःला ठेवली नाही. भय असो वा शोक, तो प्रेक्षकाला शेवटपर्यंत त्यातच धरून ठेवतो.

स्मशानाचा अंक

‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकाची सुरुवात कपालकुंडलेच्या प्रवेशाने होते. ती आकाशमार्गाने येते. नाडीचक्र, हृदय आणि मंत्रन्यास यांची योगशास्त्रीय परिभाषा तिच्या बोलण्यात सहज येते. कवीने योगाचा अभ्यास केल्याचा दावा येथे खरा वाटतो. तिचा गुरू, कापालिक अघोरघंट, याची मंत्रसाधना पूर्ण व्हायला एका स्त्रीरत्नाचा बळी हवा आहे. त्यासाठी कराला नावाच्या चामुंडेच्या देवळाकडे ती निघाली आहे. ते देऊळ स्मशानाला लागूनच आहे.

त्याच रात्री माधव हातात नरमांस घेऊन स्मशानात आलेला असतो. सरळ मार्गाने मालती मिळण्याची आशा संपली आहे. नरमांस पिशाचांना विकून त्यांच्याकडून इच्छा पुरी करून घ्यावी, या विचाराने तो तेथे पोहोचला आहे. मग त्याच्या नजरेतून स्मशान दिसू लागते. तोंडातून ज्वाळा टाकणारी, वाळक्या लांब अंगांची भुते अंधारात उजळतात. एक भुकेले प्रेत मांडीवरच्या शवाचे कातडे सोलून, सांध्यांत अडकलेले मांससुद्धा सावकाश खात बसलेले असते. पिशाचांच्या बायका आतड्यांची कंकणे आणि हृदयकमळांच्या माळा घालून आपल्या सोबत्यांबरोबर रंगलेल्या असतात. नदीचा प्रवाह कवट्यांत अडून घोंघावतो आणि काठावरून घुबडांचे व कोल्ह्यांचे ओरडणे ऐकू येते. विदर्भाच्या नावाने ओळखली जाणारी वैदर्भी रीती मृदू आणि समासविरळ. वैदर्भीय भवभूती येथे मुद्दाम तिच्या उलट टोकाला जातो. लांबलचक समास आणि कठोर जोडाक्षरे यांनी तो दृश्याआधी आवाजानेच धडकी भरवतो.

एवढ्यात देवळातून ओळखीचा आक्रोश येतो. गच्चीवर झोपलेल्या मालतीला तेथून उचलून आणलेले असते. लाल वस्त्रे आणि लाल फुलांच्या माळा घालून तिला बळीसाठी सजवले आहे. अघोरघंट आणि कपालकुंडला चामुंडेच्या तांडवाची स्तुती करतात. मरणापूर्वी प्रिय माणसाला आठव, असे तिला सांगितले जाते आणि ती माधवाला आठवते. त्याच क्षणी माधव आत घुसतो. झटापटीत अघोरघंट मारला जातो. कपालकुंडला सूडाची प्रतिज्ञा करते. आठव्या अंकात संधी साधून ती मालतीला श्रीपर्वताकडे पळवते. नवव्या अंकात माधव वेडापिसा होऊन विंध्याच्या डोंगरांत फिरतो आणि मेघाबरोबर निरोप धाडू पाहतो. तेथे भवभूतीने कालिदासाच्या ‘मेघदूता’चे स्मरण उघडपणे ठेवले आहे. अखेरीस सौदामिनी नावाची योगिनी मालतीला सोडवते.

सौदामिनी ही कामंदकीची जुनी शिष्या. तिनेही श्रीपर्वतावरच साधना करून सिद्धी मिळवली आहे. एकाच प्रकारच्या सामर्थ्याने कपालकुंडला मालतीला नेते आणि सौदामिनी परत आणते. म्हणजे नाटकातले भय विद्येचे नाही. दुसऱ्याचा जीव साधन म्हणून वापरणाऱ्या वृत्तीचे आहे. माधवाचीही यातून सुटका नाही. नरमांस विकायला निघालेला प्रियकर आणि नरबळी द्यायला बसलेला साधक यांच्यात काही पावलांचेच अंतर आहे, हे एकाच रात्री, एकाच जागी दोघांना आणून कवीने दाखवले आहे. मालतीच्या किंकाळीने माधव त्या वाटेवरून मागे वळतो.

कापालिकांचे वास्तव

अघोरघंट ही केवळ कल्पना नव्हती. कापालिक हा शैवांतला एक पंथ होता. त्याचे अनुयायी मानवी कवटी भिक्षापात्र म्हणून बाळगत. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्मा याने ‘मत्तविलास’ या प्रहसनात मद्यपी कापालिकाची थट्टा केली. त्याच शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त भैरवाचार्याची स्मशानसाधना येते; राजा आजारी असताना भुतांना नरमांस विकण्याचा उल्लेखही येतो. महाराष्ट्रात इगतपुरीजवळ मिळालेल्या चालुक्य नागवर्धनाच्या ताम्रपटात कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथल्या महाव्रती साधूंसाठी दान दिल्याची नोंद आहे. महाव्रती हे कापालिकांचेच नाव मानले जाते.

महेंद्रवर्म्याने या पंथाला हसून घेतले आणि बाणाने त्याचा साधक आदराने रंगवला. भवभूतीने त्यातली दहशत नाटकाच्या मध्यभागी ठेवली. अर्थात कापालिकांविषयीची बरीचशी माहिती त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून आलेली आहे आणि भवभूती स्वतः श्रौत परंपरेतला होता. अघोरघंटाचे चित्र त्या पंथाचा निःपक्ष वृत्तांत म्हणून वाचता येत नाही.

भयाकडून करुणेकडे

‘उत्तररामचरिता’त स्मशान नाही, पण भयाची जागा अरण्याने घेतली आहे. दुसऱ्या अंकात राम पुन्हा दंडकारण्यात येतो. तेथल्या गुहांत अस्वलांचे घुमणारे हुंकार आहेत, वेळूच्या बेटांत घुबडांचे घूत्कार आहेत. तहानलेले सरडे अजगराच्या अंगावरचा घाम पितात. कालिदासाचे अरण्य बहुधा सुंदर असते. भवभूतीचे अरण्य सुंदर आणि भेसूर असे दोन्ही असते. ज्या जागी राम आणि सीता सुखाने राहिले त्याच जागा आता रामाला छळतात. तिसऱ्या अंकात सीता अदृश्य रूपाने रामाजवळ वावरते. तिच्या स्पर्शाने तो सावध होतो, पण ती त्याला दिसत नाही. मृत समजलेल्या पत्नीची ही चाहूल भुताच्या कथेला शोभणारी आहे. भवभूतीने तिच्यातून शोक उभा केला.

याच अंकात करुण हाच मूळ रस असून इतर रस ही त्याचीच रूपांतरे आहेत, असा विचार तमसा नदीच्या तोंडी येतो. या विचाराच्या प्रकाशात ‘मालतीमाधव’चा पाचवा अंक पाहिला की त्याची रचना उलगडते. प्रेतांची वर्णने कितीही भडक असली तरी अंकाचे केंद्र असहाय मालती आहे. दोन्ही नाटकांत जिवलगाला गमावण्याची भीती आणि गमावल्याचे दुःख यांचे मूळ एकच आहे. भय हे भवभूतीच्या हाती करुणेचे पहिले रूप होते.

टीकाकार आणि उत्तरकाळ

भवभूतीने ज्या भावी रसिकाची वाट पाहिली तो मिळायला फार काळ लागला नाही. सुमारे दोनशे वर्षांनी राजशेखराने आपली परंपरा सांगताना वाल्मीकी, भर्तृमेंठ आणि भवभूती यांच्या मागोमाग स्वतःला बसवले. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने भवभूतीच्या शिखरिणी वृत्ताची वाखाणणी केली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून शव खाणाऱ्या प्रेताचाच श्लोक निवडला. त्यानंतर बीभत्साचा विषय निघाला की हा श्लोक हटकून येऊ लागला. क्षेमीश्वराच्या ‘चंडकौशिका’त हरिश्चंद्राच्या कथेच्या निमित्ताने स्मशान पुन्हा रंगभूमीवर आले, तर सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळ, स्मशान आणि नरमांसविक्रय यांच्या कथा आल्या.

जगद्धराने ‘मालतीमाधव’वर आणि वीरराघवाने ‘महावीरचरिता’वर टीका लिहिल्या. अठराव्या शतकात तंजावरच्या मराठा राजांच्या पदरी असलेल्या घनश्यामाने ‘उत्तररामचरिता’वर टीका लिहिली. पुढे पांडुरंग वामन काणे यांनी ती आपल्या आवृत्तीत छापली.

युरोपात भवभूतीची ओळख झाली तो काळ तेथल्या गॉथिक कादंबरीचा होता. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ मध्ये, ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ १७९४ मध्ये आणि मॅथ्यू लुइसची ‘द मंक’ १७९६ मध्ये निघाली. पडके किल्ले, तळघरे, बंदिवान नायिका आणि धर्माच्या वेषातला दुष्ट साधू ही त्या कादंबऱ्यांची सामग्री. १८०८ मध्ये इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुकने संस्कृत आणि प्राकृत काव्यावरच्या आपल्या निबंधात ‘मालतीमाधव’कडे लक्ष वेधले. १८२६-२७ मध्ये होरेस हेमन विल्सनने कलकत्त्यात प्रसिद्ध केलेल्या हिंदू नाटकांच्या संग्रहात ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ यांची इंग्रजी भाषांतरे दिली. गॉथिक लेखक आणि भवभूती यांत देवाणघेवाणीचा संबंध नाही. साम्य आहे ते रचनेचे. भेदही तितकाच स्पष्ट आहे. गॉथिक कादंबरी बहुधा गतकाळात किंवा परमुलखात घडते, तर भवभूतीचा कापालिक त्याच्या प्रेक्षकांच्या काळातला होता.

मराठीतला भवभूती

मराठीत भवभूती आला तो आधुनिक रंगभूमी घडत असताना. १८६० च्या सुमारास परशुरामपंत गोडबोले यांनी ‘उत्तररामचरिता’चे आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ‘मालतीमाधव’चे मराठी रूपांतर केले. पौराणिक खेळांच्या त्या दिवसांत संहिताबद्ध नाटकाचा नमुना मराठी वाचकांपुढे ठेवणाऱ्या भाषांतरांत या दोहोंची गणना होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रका’त संस्कृत कवींवर जी निबंधमाला लिहिली, तीत कालिदास, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्या जोडीला भवभूती होता. पुढे ती ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने पुस्तकरूपात आली.

संशोधनाची बाजूही मराठी विद्वानांनीच मोठ्या प्रमाणात सांभाळली. भांडारकरांनी जगद्धराच्या टीकेसह ‘मालतीमाधव’ १८७६ मध्ये मुंबई संस्कृत मालेत संपादित केले. शंकर पांडुरंग पंडित यांनी १८८७ मध्ये ‘गउडवहो’ प्रसिद्ध केला. ‘मालतीमाधव’च्या एका जुन्या प्रतीत कुमारिलाचा शिष्य उंबेक याचे नाव कर्ता म्हणून येते, हेही त्यांनी पुढे आणले; मीमांसक उंबेक आणि भवभूती एकच होते का, हा वाद त्यातून सुरू झाला. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांचे ‘उत्तररामचरिता’चे इंग्रजी भाषांतर १९१५ मध्ये हार्वर्ड प्राच्यमालेत निघाले. मिराशींनी आयुष्यभराचे संशोधन भवभूतीवरच्या मराठी ग्रंथात एकत्र केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ, जन्मस्थान, कालप्रियनाथ आणि उंबेकाचा प्रश्न यांवरची चर्चा आजही या ग्रंथांपासून सुरू होते.

मिराशींचा निष्कर्ष पूर्व विदर्भाने आपलासा केला. भवभूतीच्या नावाची शिक्षणसंस्था आणि महाविद्यालय आमगावात उभे राहिले, आणि पदमपूरची नोंद जिल्ह्याच्या प्रेक्षणीय स्थळांत कवीचे जन्मगाव म्हणून होऊ लागली.